हिंगणीले स्लो काऊन चालते

डॉक्टरकडे जाणारा माणूस निदान इथं दुखतं, तिथं टोचतं असं काहीतरी सांगतो. माझ्याकडे येणारा माणूस बावीस वर्षं एकच वाक्य बोलत आला. "भाऊ, स्लो चालून राह्यलं." काय स्लो? कधीपासून? सगळंच की एखादंच? असं विचारलं की तो माझ्या तोंडाकडे पाहायचा. हे सगळं त्यालाच माहीत असतं तर मला कशाला बोलावलं असतं, असा त्या पाहण्याचा अर्थ. त्याचंही चूक नव्हतं म्हणा.

संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा' असा निरोप पाठवला. गमती झाल्या, नाही असं नाही. पण दुकान बंद करून आता दोन वर्षं झाली, कंबर कामातून गेली आहे, आणि मागे वळून पाहिलं की गमती कमी आणि टेबलाखालचा गुंता जास्त आठवतो. या धंद्यातलं निम्मं आयुष्य लोकांच्या टेबलाखाली ओणवं राहून जातं. तिथं धूळ, पोरांच्या हरवलेल्या पेन्सिली आणि क्वचित विंचू. तरी एक गमतीचा अनुभव सांगतो, म्हणजे संपादकांचं मन राहील. दुसरा गमतीचा नाही. तो सांगायचा म्हणूनच कागद पुढे ओढला आहे.

माझं दुकान वर्ध्यात होतं. नव्वदचं दशक संपता संपता सुरुवात केली तेव्हा टेलिफोन दुरुस्त करायचो, मग कॉर्डलेस आले, मग कॉम्प्युटर आले, आणि दोन हजार पाच-सहाच्या आसपास टेलिफोनच्याच तारेतून ब्रॉडबँड यायला लागलं. जिल्हाभर मोटारसायकल फिरवायचो. रस्त्यावरच्या खांबापर्यंतचं काम खात्याचं, घराच्या आतलं माझं. ही वाटणी कुणी लिहून दिली नव्हती, पण सगळ्यांनाच सोयीची होती.

त्या काळात ज्याच्या घरी ब्रॉडबँड, त्याच्या घरी टोरंट. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादी मोठी फाइल एका जागेवरून सरळ न आणता तिचे हजारो तुकडे करायचे, आणि ज्याच्या ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्याच्याकडून तो घ्यायचा. घेता घेता आपल्याकडचे तुकडे दुसऱ्यांनाही द्यायचे. मधेच लाईट गेली तरी बिघडत नाही, परत आली की जिथं थांबलं तिथून पुढे सुरू. आठ-आठ तास लोडशेडिंग सोसणाऱ्या आमच्या जिल्ह्याला यापेक्षा बरं दुसरं काय मिळणार होतं? लोक त्यावरून सिनेमे उतरवायचे. ते कायद्यात बसतं की नाही हे विचारायला मला कोणी बोलावत नसे. मला बोलवायचे ते काल दोन तासांत येणारा सिनेमा आज दोन दिवस का घेतो, हे पाहायला.

हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात एका ढाबेवाल्याकडे असाच गेलो होतो. दसऱ्यानंतरचा आठवडा. सकाळी ठीक चालायचं, दुपारनंतर रखडायचं, संध्याकाळी बंद. तार पाहिली, जोड पाहिले, शेवटी मोडेम हातात घेतला तर तो तव्यासारखा तापलेला. उलटा केला तर खालची-वरची सगळी भोकं लाल-पिवळी. दसऱ्याला त्यांनी कढया, झारे, तराजू यांच्या ओळीत मोडेमही मांडला होता आणि मनोभावे पाणी शिंपडून त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. ते ओलं हळद-कुंकू भोकांत बसून वाळलं आणि आतली गरम हवा आतच कोंडली. दात घासायच्या ब्रशने तासभर खरवडलं तेव्हा तो मोकळा झाला. ढाबेवाला गंभीरपणे म्हणाला, "मंग पुढच्या साली याची पूजा नाई कराची का?" मी म्हटलं, करा, पण नुसतं एक फूल ठेवा. त्यावर त्याने मोडेमची माफी मागितली, माझी नाही.

संपादकांचं मन राहिलं. आता दुसरा.

त्याआधी माझी कामाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मला एक प्रोग्रॅम फालतू वाटला आणि मी तो बंद केला. त्यामुळे त्यांचे लग्नाचे फोटो छपाईला जायचे थांबले. ऐन लग्नसराईत मालकाने मला चार लोकांसमोर फाडून खाल्लं. तेव्हापासून मी ठरवलं, जे आपलं नाही आणि कशासाठी आहे ते ठाऊक नाही, ते कधीच बंद करायचं नाही. फक्त आवळायचं. नळ पूर्ण न फिरवता बारीक धार ठेवायची. ही रीत मी पुढे हाताखालच्या सगळ्यांना शिकवली, आणि मला तिचा बराच अभिमान होता.

कारंजा घाडगेला हायवेवर सुधाकरभाऊंचं हार्डवेअरचं दुकान. मागे घर. त्यांच्या पत्नी निर्मला मॅडम तिथल्याच शाळेत शिकवत होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मुलगा पुण्याला नोकरीत. त्यानेच घरी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. जानेवारीच्या शेवटी सुधाकरभाऊंचा फोन आला आणि मी गेलो. घरात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुढच्या खोलीत बायका, म्हणून आम्ही दोघं मागच्या दाराने कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो.

"परवापर्यंत दोन घंट्यात सिनेमा उतरत होता," सुधाकरभाऊ म्हणाले. "आता दोन दिवस लागून राह्यले. अन् मी कायलेच हात नाई लावला."

'मी हात लावला नाही' हे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. यांचं मात्र खरं होतं. तार ठीक, मोडेम ठीक. मग टोरंटची यादी उघडली. वर त्यांचे जुने हिंदी सिनेमे, सगळे रांगत असलेले. अगदी खाली एक ओळ होती, इंग्रजीत दोन अक्षरं आणि एक आकडा, बस. ती काही घेत नव्हती, नुसती देत होती. आणि घरातून बाहेर जाणारा जेवढा म्हणून वेग होता तेवढा सगळा ती एकटी खात होती.

सुधाकरभाऊंना मी त्यांच्याच दुकानाच्या भाषेत समजावलं. "भाऊ, तुमच्याकडे सिमेंटचा ट्रक येतो. गोण्या उतरल्या की ड्रायव्हरला तुम्ही पोच देता. पोच मिळाल्याशिवाय तो पुढच्या गोण्या उतरवत नाही. ब्रॉडबँडचं तसंच आहे. येण्याचं दार मोठं, जाण्याची खिडकी लहान. ही खालची ओळ त्या खिडकीत ठाण मांडून बसली आहे, म्हणून तुमच्या पोचा बाहेर जाऊ शकत नाहीत, आणि सिनेमेवाले हात बांधून उभे आहेत."

"असं आहे का!" ते खूश झाले. "मंग काढा ना तिले खिडकीतून."

"कोणाची आहे पण?"

"पोराचं असंल काई. त्यानंच बसवला हा डबा."

मी रीतीप्रमाणे ती ओळ बंद केली नाही. तिच्यापुरती बाहेर जाण्याची मर्यादा घातली. शून्य लिहिलं तर त्या प्रोग्रॅमच्या हिशेबात मर्यादाच नाही असा अर्थ होतो, म्हणून त्या चौकटीत एक लिहिला. सेकंदाला एक किलोबाइट. आधी ती पंचवीसने जात होती. चौकट बंद करायच्या आत वरचे सिनेमे पळायला लागले. सुधाकरभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली, "मानलं भाऊ तुमाले."

तेवढ्यात मॅडम चहा घेऊन आल्या. हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "झालं का?"

"झालं मॅडम. आता पळेल."

"बरं झालं बापा," त्या म्हणाल्या आणि बायकांत परत गेल्या.

मी चहा प्यायलो आणि वर्ध्याला आलो. एका तासात काम, जाऊन-येऊन पाऊण दिवस. असं काम झालं की परतीच्या रस्त्यावर माणूस शीळ घालतो. मीही घातली असेल.

त्यानंतर महिनाभराने हिंगणीहून गजाननभाऊंचा फोन आला. बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान. मोबाइल आल्यावर एसटीडी बसलं, तेव्हा चार लोकांचे फॉर्म भरून देता येतील म्हणून त्यांनी ब्रॉडबँड घेतलं होतं. शेती होती थोडी, ती पत्नी पाहायची. फोनवर तेच वाक्य. "डाउनलोड लय स्लो होऊन राह्यलं. लवकर येजो भाऊ, पोरीची परीक्षा आहे."

परीक्षा आणि डाउनलोडचा संबंध मला कळला नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरी सिनेमे उतरवतात की काय, असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर त्यांची मुलगी सुमन बसली होती, बारावीची. तिला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर तिला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवत होता, इतक्या वेगानं की मला एक शब्द कळेना. तिने की-बोर्डवर बोटं चालवून तो आवाज थांबवला आणि म्हणाली, "बसा काका."

मी नेहमीची सुरुवात केली. तार, जोड, मोडेम, बाहेरचा डबा. सगळं धडधाकट. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मी सांगू का काय होते ते?"

बावीस वर्षांत एवढं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही.

"जानेवारीच्या शेवटापर्यंत पंचवीसनं यायचं," ती म्हणाली. "मंग एका दिवशी दुपारी एकदम एकावर आलं. तेव्हापासून एकच. कमी नाई, जास्त नाई. लाईन खराब असती तं कधी दोन, कधी पाच, कधी बंद, असं झालं असतं ना? हे तं कोनी मोजून देऊन राह्यलं असं वाटते."

मी टेबलाखाली होतो. तिथंच थांबलो. उगाच एक तार हातात धरून विचारलं, "कुठून येतं हे?"

"कारंज्याहून. निर्मला मॅडम पाठवतात."

मग तिने सगळं सांगितलं. बारावीची पुस्तकं ब्रेलमध्ये वेळेवर मिळत नाहीत. मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी सुमनच्या कॉलेजात शिकवते. तिच्या ओळखीने मॅडमनी पुस्तकं मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला घेतली. पहिलं पुस्तक सीडीवर पोस्टानं पाठवलं, ते येईपर्यंत सीडी तडकली. ईमेलवर एवढं मोठं जात नव्हतं. तेव्हा मॅडमच्या मुलानं हा टोरंटचा रस्ता काढून दिला. एक देणारी, एक घेणारी. मराठी आलं, राज्यशास्त्र आलं, अर्थशास्त्र आलं. इतिहास शेवटी राहिला होता, कारण डिसेंबरात मॅडमचा घसा बसला होता. इतिहास निम्माही आला नव्हता, तेव्हा ते एकावर आलं.

"जेवढं आलं तेवढं तरी ऐकता येतं ना?" मी विचारलं. मी उत्तर जाणून होतो, तरी विचारलं.

"ऐकते ना," ती म्हणाली आणि तिने एक धडा लावला. निर्मला मॅडमचा आवाज. एक वाक्य सरळ, मग खरखर, मग अर्धा शब्द, मग दुसराच परिच्छेद. टोरंट तुकडे ओळीनं आणत नाही. जो हाताला लागेल तो आणतो. त्यामुळे पुस्तकाचे पहिले काही धडे पूर्ण आणि पुढचे बाकी, असं झालेलं नव्हतं. सगळ्याच धड्यांना जागोजाग भोकं होती. ती महिनाभर ती भोकं धरून अभ्यास करत होती. कोणत्या धड्यात कुठं खरखर येते हे तिला पाठ झालं होतं.

"मॅडमना सांगितलं नाहीस?"

"त्यायनं एकदा फोनवर विचारलं होतं, येऊन राह्यलं का म्हणून. मी म्हटलं, येऊन राह्यलं मॅडम, हळूहळू. फुकटात एवढं करून राह्यल्या, वरून आपून तक्रार कशी कराची?"

गजाननभाऊ दारात उभे होते. म्हणाले, "हिले डी.एड. कराचं आहे भाऊ. बारावीच्या मार्कावरच लागते तिथं. बाकी पेपर चांगले गेले. परवा इतिहास आहे."

डी.एड.चं तेव्हा किती वेड होतं हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको. बारावीचे मार्क, मग यादी, आणि यादीत नाव लागलं की मास्तरकी, असा सरळ हिशेब होता.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. 'सुमन, तो एक मी लिहिला आहे.' एवढंच वाक्य. मी म्हणालो, "पाहतो मी," आणि बाहेर येऊन मोटारसायकलजवळ उभा राहिलो. एखाद्याचं चुकून बिघडवणं आणि एखाद्याचं चोख काम करताना दुसऱ्याचं बिघडवणं यात फरक आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. समजत काही नव्हतं.

मोबाइलवरून कारंज्याला फोन लावला. सुधाकरभाऊ म्हणाले, लाईट संध्याकाळी येईल. मी गणित मांडलं. मर्यादा काढली तरी उरलेला निम्मा इतिहास, दोन्हीकडची वेगवेगळ्या वेळची लोडशेडिंग, परवाच्या सकाळपर्यंत काही केल्या पोहोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या सीडी घेऊन मी कारंज्याला गेलो.

सुधाकरभाऊ दुकानात होते. मॅडम एकट्याच घरी. मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, त्या दिवशी कुठली चौकट उघडली, कुठला आकडा लिहिला. त्या उभ्याच होत्या. शेवटी म्हणाल्या, "मले विचाराचं होतं ना. घरातच होती मी. चहा मीच आणून दिलता तुमाले."

ती ओळ कोणाची हे मी सुधाकरभाऊंना विचारलं, सुधाकरभाऊंनी पोराचं नाव घेतलं, आणि ज्या बाईची ती होती ती बाई दाराशी कप घेऊन उभी असताना तिला विचारावं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बावीस वर्षं मी घराघरांत गेलो. बोलणं नेहमी पुरुषांशी आणि चहा बायकांकडून. ही माझ्या एकट्याची सवय नव्हती, पण आवळायचं काम मी केलं होतं.

"मी रोज पाहायची," मॅडम म्हणाल्या. "ती ओळ हिरवीच होती. हिरवी आहे म्हणजे जाऊन राह्यलं, असं पोरानं सांगितलं होतं. तुमी 'आता पळेल' म्हटलं तं मले वाटलं आपलंबी पळेल."

माझी ती अभिमानाची रीत. बंद केलं असतं तर ओळ लाल झाली असती आणि मॅडमना दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. मी बारीक धार ठेवली, म्हणून कुणालाच काही कळलं नाही.

लाईट आली दुपारी दोनला. पहिली सीडी खराब निघाली, मग दोन नीट झाल्या. मॅडमनी तोवर पुस्तक चाळून सहा धड्यांवर खुणा केल्या. "एवढेच ऐक म्हणा तिले. बाकी सोड म्हणा." मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "सुमनले आत्ता काई सांगू नका. पेपर होईस्तोवर नाई. मन खट्टू होईल तिचं. लाईन खराब होती म्हणा."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, मला त्यावेळी हायसं वाटलं.

हिंगणीला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. सुमनने सीडी घेतल्या, कडा बोटांनी चाचपल्या, आणि सहा धड्यांची नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. दुसऱ्या दिवशी अकराला पेपर होता.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी विषयांत सत्तरच्या वर, इतिहासात एकोणचाळीस. डी.एड.ची यादी तिच्या वर थोडक्यात संपली. किती मार्कांनी, ते गजाननभाऊंनी मला फोनवर सांगितलं होतं. तो आकडा मी इथं लिहीत नाही.

त्यानंतर त्यांच्या प्रिंटरच्या कामासाठी हिंगणीला गेलो. खरं म्हणजे काम निमित्त होतं. पेपर होऊन गेले होते, मॅडमना दिलेला शब्द संपला होता, आणि आज सांगायचंच असं वर्ध्यापासून घोकत गेलो होतो. गजाननभाऊंनी मी बसायच्या आत घरच्या तुरीची पिशवी माझ्या गाडीला अडकवली. "तुमी त्या दिवशी पोरीसाठी केवढी धावपळ केली भाऊ. कोन करते एवढं?" सुमनच्या आईनं आतून पाणी आणलं. तिनेही तेच म्हटलं.

मग सुमन बाहेर आली. म्हणाली, "काका, तो फाल्ट नेमका कुठं होता?"

"कारंज्याकडच्या एका खांबावर होता," मी म्हणालो.

ती म्हणाली, "म्हणजे मॅडमचं काई नोयतं ना? मले महिनाभर वाटे, त्या थकल्या माझ्यापाई. कटाळून कमी करून टाकलं असंल. तेच लय लागलं होतं मनाले."

"नाही," मी म्हणालो. "मॅडमची काहीच चूक नव्हती."

त्या सगळ्या बोलण्यात तेवढं एक वाक्य खरं होतं. तूर घेऊन मी घरी आलो. बायकोनं आमटी केली तेव्हा मला भूक नाही असं सांगितलं.

पुढे मॅडमनी एकदा फोनवर विचारलं, "सांगितलं का तिले?" नाही म्हटलं. "तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "ते मी सांगाचं नाई." आणि त्यांनी खरोखरच कधी सांगितलं नाही.

मी त्यानंतरही बरीच वर्षं धंदा केला. एक बदल केला. कुठल्याही घरात शिरलो की मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून, म्हाताऱ्यांपासून सगळ्यांना, हे यंत्र कशाला वापरता ते विचारायचो. गिऱ्हाइकं वैतागायची. एक-दोघांनी मला बोलावणं बंद केलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

सुमन बी.ए. झाली. आता ती नागपूरला एका कचेरीत टेलिफोनवर असते, संसार आहे, बरं चाललं आहे. कुणी म्हणेल, मग कशाला उकरून काढता? तिला शिकवायचं होतं. ते राहिलं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून काही ते भरून निघत नाही.

निर्मला मॅडम आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. पण दर दिवाळीला चार अंक विकत घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून, त्याचं रेकॉर्डिंग सुमनला पाठवतात. हा अंक त्यांच्या चारांत असतो, हे मला माहीत आहे. मी संपादकांना होकार दिला तो त्यासाठी. सुमनसमोर जाऊन बोलायचं धैर्य मला इतक्या वर्षांत झालं नाही, म्हणून शेवटी पुन्हा मॅडमच्याच आवाजाचा आधार घेतो आहे.

मॅडम, हे पान गाळू नका.